पडद्यावरचा हात

सावनेर, १८ ऑगस्ट २०२४

चि. आशूले,

तुह्या आत्याचा आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नको वं, कोणी गेलं-बिलं नाई. रामदासपेठेतल्या गार्गी मॅडम, त्या माह्या हाताचा व्यायाम घेते न, त्यांनी सांगितलं की उजव्या हातानं दर आठवड्याले एक पान लिहाचं. म्हटलं, कोणाले लिहू? त्या म्हणे, कोणालेबी. आता पिंकीच्या बाबाले लिहून काय करू, तो माणूस समोरच बसून राहते. म्हणून तुले. अन् उत्तर पत्रानंच देजो, फोन नाई कराचा. तोंडाले व्यायाम लागत नाई माह्या. ते लकव्यातबी बंद नव्हतं.

अक्षर पाहून हसजो नको. एका ओळीत चहा थंडा होते. हा हात पाहुण्यासारखा झाला आहे बाप्पा, बसला तर बसला, उठ म्हटलं तर उठत नाई. डॉक्टर म्हणते, झटका आल्यावर पहिल्या सहा-आठ महिन्यांत जी मेहनत कराल तिचंच खरं फळ. मंग दरवाजा हळूहळू लागते. मले आत्ताशी दोन महिने झाले.

पिंकीचं जमलं हे तुह्या बाबानं सांगितलं असन. पोरगा काटोलचा. लग्न एप्रिलात, म्हणजे फेब्रुवारीत मुंगवड्यांचा मुहूर्त. तुले तर माहीत आहे, आपल्यात लग्नघरची पहिली वडी नवरीच्या मायनं टाकाची, मंगच बाकीच्या बाया पिठाले हात लावते. माह्या लग्नात माह्या मायनं टाकली, तिच्या लग्नात तिच्या मायनं. मले सगळा हात वापस नाई पाहिजे. चिमटीत पीठ धरून एक वडी कपड्यावर ठेवता यावी, बस.

पान भरलं. हात दुखून राहिला.

गोपिका आत्या

—

मनीषनगर, नागपूर, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र आईने मला मोठ्याने वाचायला लावलं. ‘पाहुण्यासारखा हात’ ऐकून बाबा हसले आणि चप्पल घालून बाहेर गेले. तुझा भाऊ रडायचं असलं की कोपऱ्यावर दूध आणायला जातो, हे तुला सांगायला नको.

अक्षराला मी हसले नाही. मला अक्षरं तूच शिकवलीस. आई आजारी होती तेव्हा मी तुझ्याकडे दोन वर्षं राहिले, आठवतं? माझ्या मुठीवर तुझी मूठ ठेवून तू पाटीवर पेन्सिल फिरवायचीस आणि म्हणायचीस, ‘ढिला सोड हात, मी आहो न.’ आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. समारंभात सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटत होतं, यातली पहिली रेघ तर माझी नव्हतीच.

म्हणून सांगते, मला तुझ्या हातासाठी काहीतरी करू दे. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या बिलांचे प्रोग्राम लिहिते. एवढं शिकून ते आपल्या माणसाच्या उपयोगी पडलं नाही तर त्या शिकण्याला काय अर्थ आहे? गार्गी मॅडमना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, माऊस धरून सावकाश हलवणं हाही चांगला व्यायाम आहे. पिंकीचा लॅपटॉप आहेच. दिवाळीत येते ती खेळ घेऊनच.

तुझी,
अश्लेषा

—

मनीषनगर, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

भाऊबीजेच्या दिवशी जे झालं ते डोळ्यांसमोरून जात नाही. मी किती हौसेने खेळ लावला होता, आणि तू माऊसला हात लावताच पडद्यावरचा बाण कसा तडफडायला लागला. तू माऊस ठेवलास, ‘भाजी लागन’ म्हणून उठलीस. चुलीवर भाजी नव्हतीच. मला कळलं. आपला हात किती हलतो हे कुणी एवढं मोठं करून दाखवलं तर कुणाला आवडेल?

म्हणून मी खेळ पुन्हा लिहिला. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, पिंकी लावून देईल. आता त्यात तो मेला बाण नाही. मी तो लपवून टाकला. त्याच्या जागी एक हात काढला आहे, हिरव्या बांगड्यांचा. तू माऊस हलवशील तसा तो हात हलेल. समोर खाट आहे, खाटेवर तुझी ती जुनी जांभळी साडी अंथरली आहे. हात जिथे नेऊन बटण दाबशील तिथे वडी पडेल. साडीच्या बाहेर पडली तर कावळा खाईल. कावळ्याचा चेहरा कुणासारखा वाटला तर ते तू तुझ्यापाशीच ठेव.

रोज सकाळी खेळत जा. आणि गुण कळवत जा.

तुझी,
अश्लेषा

—

सावनेर, २८ नोव्हेंबर २०२४

चि. आशू,

अवं पोरी, काय बनवलं तू! पहिल्या दिवशी मी भीत भीत हात लावला. म्हटलं आता नाचन पुन्हा तो बाण. तर कुठचं काय, तो बांगड्यावाला हात असा शांत सरकला, असा शांत, माह्या मायचा हात आठवला. पिंकी म्हणे, आई, रडून काहून राहिली? म्हटलं गप.

साडी बराबर काढली. काठबी बराबर. अन् कावळा प्रेमिलासारखा दिसते, हे मीच नाई, पिंकीचे बाबाबी म्हणे. जाऊ आहे माही, तिले सांगू नको.

पहिल्या दिवशी अर्ध्या वड्या कावळ्यानं नेल्या. आता कावळा उपाशीच राहते. शेजारच्या रुखमाबाईले दाखवलं, ते पाहतच राहिली. म्हणे, गोपिका, तुह्या हाताले तर काईच नाई झालं.

एक सांगतो, रागावजो नको. खेळ संपून गुणांची पाटी येते, तिथं ‘बंद करा’ लिहिलं राहते. त्याच्यावर दाबाले बाण लागते न? तो येतच नाई. पिंकीनं लॅपटॉपची बटनच दाबून बंद केला. बाण कुठं ठेवला वं तू?

गोपिका आत्या

—

मनीषनगर, २० डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवलं. तुझं अक्षरही आता ओळीवर उभं राहायला लागलंय.

बाण हरवण्याची गंमत सांगते. लपवण्याची सूचना संगणक मोजून ठेवतो. मी खेळ सुरू होताना एकदा ‘लपव’ लिहिलं होतं आणि गडबडीत, खाट पडद्यावर येते तिथे पुन्हा एकदा. ‘दाखव’ मात्र शेवटी एकदाच. जितक्यांदा लपवलं तितक्यांदा दाखवल्याशिवाय तो परत येत नाही. हे माझ्या लक्षात यायला अख्खा रविवार गेला. आई म्हणाली, एका बाणासाठी पोरगी जेवली नाही. आता दुरुस्त केलंय, नवा पेन ड्राइव्ह पाठवतेय.

आत्या, तुझे गुण बघून मला किती आनंद होतो म्हणून सांगू. मी त्यांचा आलेख काढलाय. रेघ वर वर चाललीय. ऑफिसातल्या वैदेहीताई म्हणाल्या, हे गावोगावच्या दवाखान्यांत द्यायला हवं. मला तर रात्रंदिवस तेच दिसतं: सावनेरसारख्या गावांत, घरच्या घरी, बायका खेळता खेळता बऱ्या होताहेत.

आणि एक. दर आठवड्याला बसचे धक्के खात रामदासपेठेत येण्याचा तुला किती त्रास होतो ते बाबा सांगत होते. या गुणांवरून तर हात जवळजवळ पूर्वीसारखा झालाय. मला वाटतं, आता महिन्यातून एकदा आलीस तरी पुरे.

तुझी,
अश्लेषा

—

सावनेर, १४ जानेवारी २०२५

चि. आशू,

तिळगूळ घे अन् गोड गोड बोल. पाकिटात हलवा टाकला आहे, पोस्टानं नाई खाल्ला तर मिळन.

तू म्हटलं ते मले पटलं. महिन्यातून एकदा तरी काहून जाचं? ते मॅडम मणी उचलाले लावते, दोरी ओवाले लावते, अन् मणी खाली पडला की आपलंच मन खाली पडते. तुह्या खेळात तसं नाई. म्हणून रामदासपेठ मी बंदच केली. घरी बसल्या वड्या टाकतो. पिंकी म्हणते, आईनं आता गावच्या वड्यांचा ठेका घ्यावा.

परवा चहाचा कप सुटला हातातून. थंडी होती. थंडीत कोणाचाबी सुटते.

अक्षर पाहून राहिली न? सरसर येते आता.

मुहूर्त २३ फेब्रुवारीले काढला. घरावरच्या स्लॅबवर उन्हात खाटा टाकू. तुह्या खेळातली जांभळी साडी पेटीतून काढून धुतली, तेच अंथरतो. सगळ्या बायांले सांगून ठेवलं, पहिली वडी मीच टाकीन. प्रेमिला म्हणे, वहिनी, जमन काय? म्हटलं, तू ये तर खरी. तूबी येजो. तुह्याशिवाय नाई.

गोपिका आत्या

—

मनीषनगर, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. कामं फार होती.

परवा गार्गी मॅडमना भेटले. खेळ दाखवायला गेले होते. त्या तुझी आठवण काढत होत्या. मुहूर्ताच्या आधी एकदा तुझा हात बघावा असं त्यांना वाटतं. काळजीचं काही नाही. बाबा गाडी करून तुला घ्यायला येतील, बसने येऊ नकोस.

आणि आत्या, मुहूर्ताला पहिली वडी एखाद्या पळीने घातली तर चालत नाही का? पीठ तिखट असतं, हाताची आग होते. किंवा प्रेमिलाकाकूंना शेजारी बसव. काळजीचं काही नाही, सहज सुचवलं.

मला त्या दिवशी यायला जमेल असं वाटत नाही. ऑफिसात काम आहे. तू मात्र मॅडमकडे जरूर ये. काळजीचं खरंच काही नाही.

तुझी,
अश्लेषा

—

सावनेर, १७ फेब्रुवारी २०२५

चि. आशू,

एवढ्याशा पत्रात तीनदा लिहिलं, काळजीचं काही नाही. काय झालं वं? ऑफिसात कोणी काई बोललं? का कोणी पोरगा-बिरगा आहे? असन तर सांगजो, तुह्या बाबाले मी पाहून घेईन. तो लहानपणीबी मले भीत होता.

पळीनं वडी! शहरात राहून तुही अक्कल गेली. पळीनं भजे टाकते, वडी नाई टाकत.

मॅडमकडे आता नाई जमत. डाळ निवडाची आहे, खाटा विणाच्या आहे, बायांचे निरोप आहे. मुहूर्त झाला की मीच येतो, अन् पहिल्या वड्या मॅडमलेच देतो. सांगजो त्यांले.

ऑफिसची सुट्टी नाई म्हणते, मंग काय कराचं. तुही जागा ठेवतो मी खाटेजवळ.

गोपिका आत्या

—

सावनेर, २७ फेब्रुवारी २०२५

चि. आशू,

मुहूर्त झाला. वड्या चांगल्या झाल्या, ऊन कडक होतं.

तुले कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. बाया सगळ्या जमल्या होत्या. पिंकीनं साडी अंथरली, हळदकुंकू वाहिलं, पिठानं भरलेली गंजी माह्यासमोर ठेवली. मी पीठ घेतलं. चिमटी झालीच नाई. बोटं उघडीच राहिली अन् पीठ मनगटावरून खाली गेलं. म्हटलं पुन्हा घेतो. पुन्हा घेतलं तर हात असा हलला, असा हलला की अर्धं पीठ पिंकीच्या पदरावर. तिथं कोणी हसलं नाई, आशू. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंग प्रेमिला बोलली. म्हणे, वहिनी, कॉम्प्युटरवर टाकल्या न तुम्ही पोतंभर, त्याच तळू आता लग्नात. रुखमाबाईनं तिले गप केलं. पण शेवटी पहिली वडी प्रेमिलानंच टाकली. मुहूर्त टळून चालला होता. पिंकी पाहून राहिली होती माह्याकडे, अन् मी साडीकडे.

मी खूप विचार केला. तुह्या खेळात हात बरा आहे, हे तर सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे खोट माह्यातच आहे. मी घाबरली असन. नाई तर मी आळस केला. घरात कप सुटे, बटन लागे नाई, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं की मन लावून करून नाई राहिली. तू एवढं करून दिलं अन् मी पोरीच्या मुहूर्ताले तुह्या खेळाले बट्टा लावला. आत्याले माफ करजो.

गोपिका आत्या

—

मनीषनगर, ३ मार्च २०२५

आत्या,

माफी तू मागू नकोस. हे पत्र बसून, सावकाश वाच. पिंकीला वाचायला लावू नकोस, तू स्वतः वाच.

तुझ्यात खोट नव्हती. खोट खेळात होती, आणि ती मी घातली होती.

भाऊबीजेला तुझा बाण तडफडताना बघून मी तो लपवला, एवढंच तुला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. बाण लपवला तरी तो तिथेच असतो, फक्त दिसत नाही. त्याच्यामागून मी तो बांगड्यांचा हात फिरवत होते. पण बाण जसा हलेल तसा नाही. तुझा हात दहा दिशांना गेला की प्रोग्राम त्यांची मधली वाट काढायचा आणि पडद्यावरचा हात त्या वाटेने शांतपणे न्यायचा. वडी साडीच्या जरा बाहेर पडली तर ओढून आत घ्यायचा. तू जितकी चुकशील तितकं तो सावरून घ्यायचा. तुला धीर यावा म्हणून मी ते केलं होतं. आणि मग गुण वाढताना बघून, ते मीच वाढवते आहे हे मी विसरले. आत्या, तुझी शपथ, मी विसरले. आलेख काढला, लोकांना दाखवला, तुला रामदासपेठेत येऊ नकोस म्हणाले.

फेब्रुवारीत मॅडमना खेळ दाखवला. त्यांनी माऊस हातात घेतला, थोडा वेळ खेळल्या, मग मुद्दाम माऊस गदागदा हलवला. पडद्यावरचा हात शांतच. त्या म्हणाल्या, “अश्लेषा, मी एवढी हलवतेय, हा का हलत नाही?” मी अभिमानाने समजावून सांगायला लागले आणि अर्ध्या वाक्यात थांबले. त्या म्हणाल्या, “गोपिकाबाई दीड महिना आल्या नाहीत, त्या याच्या भरवशावर?” मी मान हलवली. “खरा बाण त्यांना कधी दिसलाय?” मी लॅपटॉप मिटला. “त्यांना उद्या आणा. आणि हे त्यांना सांगा.”

उद्या आणा, म्हणाल्या होत्या. आणि मी तुला काय लिहिलं? काळजीचं काही नाही. मुहूर्ताला अजून दिवस होते. मी सावनेरला येऊ शकले असते, बसला दीड तास लागतो. ऑफिसात काहीही काम नव्हतं. तुझ्या समोर बसून सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि वाटलं, कदाचित त्या दिवशी तुला जमेलही.

म्हणजे मी दोनदा लपवलं, आत्या. एकदा तुझ्यासाठी, एकदा माझ्यासाठी. पहिल्याबद्दल तू कदाचित मला माफ करशील. दुसऱ्याबद्दल मी मागत नाही.

अश्लेषा

—

सावनेर, ४ मे २०२५

आशू,

तुहं पत्र मार्चातच मिळालं. लग्न होतं म्हणून लिहिलं नाई, असं मी सगळ्यांले सांगितलं. तुले खरं सांगतो, मी रागावली होती. लग्नात तू पंगतीत वाढून राहिली होती, माह्या पानाजवळ आली, बुंदी वाढू काय विचारलं, अन् मी पानावर हात आडवा धरला. तुह्या बाबानं पाहिलं ते. पाहून तो बाहेर गेला.

मले पहिले राग आला तो वडीचा नाई. मले राग आला का त्या थंडीत मी या हाताले किती बोलली! कप फुटला तर म्हणो, मेल्या, तिकडं तर बराबर चालते, इथंच काहून मरते? रोज शिव्या घातल्या मी माह्या हाताले. तो बिचारा जसा होता तसाच होता. त्याच्यावर कोणीच विश्वास नाई ठेवला, मीबी नाई.

आता माही गोष्ट ऐक. तू अक्षराची तारीफ केली होती न? नोव्हेंबरच्या पत्रापासून मी डाव्या हातानं लिहून राहिली. हेबी डाव्याच हातानं. उजव्यानं पेन धरलाच जाये नाई. पण कॉम्प्युटर म्हणे हात बरा आहे, तू म्हणे हात बरा आहे, माही पोरगी एवढी शिकली, ते खोटं कसं बोलन? मंग मी कोणत्या तोंडानं सांगू का पेन धरल्या जात नाई? तुह्या आलेखाची रेघ वर चालली होती, तिले मी काहून खाली ओढू? म्हणून डाव्यानं लिहिलं अन् उजव्यानं म्हटलं. तू तिकडं बाण लपवला, मी इकडं पेन. दोघी एकमेकीले धीर देत राहिलो अन् दिवस निघून गेले.

मागच्या आठवड्यात मॅडमकडे गेली होती. त्या काई रागावल्या नाई. मणी उचलाले लावले. मी विचारलं, आता किती येईन? त्या म्हणे, थोडं येईन गोपिकाबाई, सगळं नाई. तेव्हा तुम्ही येत राहिल्या असत्या तर जास्त आलं असतं. खरं बोलते बाई. बरं वाटलं.

तुहा हात धरून मी पाटीवर लिहवलं, आठवते म्हणते न तू? एक गोष्ट तुले माहीत नाई. मी रोज जरासा हात ढिला करत होती. एक दिवस ‘ळ’ काढला तू, तेव्हा माही मूठ वरच होती, पण धरली नव्हती. तू म्हणे, आत्या, तू छान काढते. मी म्हटलं, मी नाई वं, तू काढला. तुह्या खेळानं मले सोडलंच नाई कधी. एवढंच चुकलं पाहाय. एवढंच म्हणतो, पण तेच लय मोठं होतं.

बाण दाखव मले. जसा असन तसा.

गोपिका आत्या

—

मनीषनगर, १२ मे २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. बाबांनी विचारलं, काय लिहिते? मी म्हटलं, बोलते आपल्याशी. ते दूध आणायला गेले. घरात दूध होतं.

तुझी सगळी पत्रं मी काढून बघितली. ऑगस्टमधल्या अक्षराचा कल उजवीकडे आहे, नोव्हेंबरपासूनच्या अक्षराचा डावीकडे. इतकं उघड होतं. मी रोज पडद्याकडे बघणारी मुलगी, कागदाकडे बघितलंच नाही. तू कप सुटल्याचं लिहिलं होतंस, तेही वाचून मी पुढे गेले होते.

नवा खेळ पाठवतेय. त्यात खाट आहे, साडी आहे, कावळा आहे. बांगड्यांचा हात नाही. सावरून घेणारं जे जे लिहिलं होतं ते सगळं खोडलं, आणि ‘लपव’ दोन्ही ठिकाणचं काढलं. आता फक्त बाण आहे, आणि तुझा हात जाईल तिथेच तो जाईल. तो बघून तुला उठून जावंसं वाटेल. या वेळी मी तिथे असेन. दर रविवारी सकाळच्या बसने येते. बटण मी दाबणार नाही, माऊसलाही हात लावणार नाही. नुसती शेजारी बसेन.

वैदेहीताईंना सांगितलं, तो खेळ दवाखान्यांत द्यायचा नाही. त्यांना वाईट वाटलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटतं ते जांभळ्या साडीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढे दिवस मी तुझ्याकडून घेतले आणि ते मला कुठूनच आणून देता येत नाहीत. पिंकीच्या मुहूर्ताची पहिली वडीही नाही.

तुझी,
अश्लेषा

—

सावनेर, ८ जुलै २०२५

आशू

उजव्या हातानं.

बाण लय हलते. कावळा खाऊन मोठा झाला.

तू रविवारी आली नाई. पाऊस होता, माहीत आहे. तरी खेळली मी.

एक वडी साडीवर पडली. काठावर. पण माही होती.

पान नाई भरलं.

आत्या